एकोणतीस अंकांची संख्या आणि तिची साक्ष
(जैन गणिताच्या इतिहासातील एक प्रकरण)

जैन आगमांत गणिताला जे स्थान आहे, ते केवळ व्यवहारापुरते नाही. लोकाचे क्षेत्र, काळाचे मान, जीवांची गणना आणि कर्मस्थिती या विषयांचे विवेचन संख्येशिवाय पुढे सरकतच नाही. म्हणूनच आपल्या शास्त्रकारांनी चार अनुयोगांपैकी एकास करणानुयोग किंवा गणितानुयोग असे नाव दिले आणि संख्येचे संख्यात, असंख्यात व अनंत असे भेद करून त्यांचे पुन्हा सूक्ष्म पोटभेद सांगितले. या विशाल गणितसागरातील एकाच संख्येचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. ती संख्या अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

या संख्येत एकोणतीस अंक आहेत. श्वेतांबर परंपरेतील अनुयोगद्वार सूत्रात ती गर्भज मनुष्यांच्या जघन्य संख्येच्या प्रसंगाने येते, तर दिगंबर परंपरेत षट्खंडागमावरील धवला टीका व गोम्मटसार या ग्रंथांत ती पर्याप्त मनुष्यांच्या संख्येच्या प्रसंगाने येते. दोन्ही परंपरांनी ती शतकानुशतके जपली. ताडपत्रे जीर्ण झाली, लिप्या बदलल्या, नकलनवीस बदलले. परंतु या संख्येचा एकही अंक ढळला नाही. असे का घडले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य विचारावा असा आहे.

संख्या सांगण्याची रीत

आपल्या प्राचीन गणितज्ञांना मोठ्या संख्यांची नावे ठाऊक नव्हती असे नाही. भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला; त्यात चोवीस स्थानांची नावे असून चोविसाव्या स्थानास महाक्षोभ म्हटले आहे. परंतु एकोणतीस स्थानांची संख्या या यादीतही बसत नाही. मग ती सांगावी कशी?

अनुयोगद्वार सूत्राने ती एका रीतीने सांगून समाधान मानले नाही. सूत्रातील कथनाचा आशय असा : ही संख्या एकोणतीस स्थानांची आहे, ती तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली आहे, ती पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गास गुणले असता येते, आणि ती शहाण्णव छेदनक देणारी राशी आहे. टीकाकारांच्या मते यमलपद म्हणजे आठ अंकस्थानांचा समूह. तीन यमलपदे म्हणजे चोवीस स्थाने, चार म्हणजे बत्तीस. एकोणतीस या दोहोंच्या मध्ये येते.

येथे ‘वर्ग’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. दोनाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. २५६चा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, हा सहावा. प्रत्येक पायरीवर मागील संख्येस तिनेच गुणावयाचे. शेवटच्या तीन वर्गांना परंपरेत स्वतंत्र नावे आहेत : ६५,५३६ म्हणजे ‘पण्णट्ठी’, पाचवा वर्ग म्हणजे ‘बादाल’ आणि सहावा म्हणजे ‘एकट्ठी’. ही नावे त्या त्या संख्येच्या आरंभीच्या अंकांवरून, म्हणजे पासष्ट, बेचाळीस आणि एक-आठ यांवरून पडली आहेत. बादाल व एकट्ठी यांचा गुणाकार केला की आपली एकोणतीस अंकी संख्या सिद्ध होते. बादालाचा घन केला तरी तीच येते.

आजच्या परिभाषेत बादाल म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, एकट्ठी म्हणजे चौसष्टावा घात. बत्तीस आणि चौसष्ट मिळून शहाण्णव. म्हणजे ही संख्या दोनाचा शहाण्णवावा घात होय. दोनास दोनाने गुणत गेल्यास पंचाण्णव गुणाकार करावे लागतील. वर्गांच्या मार्गाने सहा वेळा वर्ग आणि एक गुणाकार, अशा सात क्रियांत काम होते. मोठा घात थोड्या क्रियांत काढण्याची ही दृष्टी भारतात जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रातही दोनाचा घात काढण्यासाठी अर्धे करणे व वर्ग करणे यांचाच उपयोग केलेला आढळतो.

अर्धच्छेद म्हणजे काय?

सूत्रातील ‘छेदनक’ हा शब्द धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ या रूपाने येतो. एखादी संख्या जितक्या वेळा अर्धी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. कापडाचे ठाण मधोमध दुमडावे, पुन्हा मधोमध दुमडावे, आणि शेवटी एकच घडी उरेपर्यंत दुमडण्याची संख्या मोजावी, तसा हा प्रकार आहे. सोळाचे अर्धच्छेद चार : आठ, चार, दोन, एक. बत्तिसाचे पाच. याच न्यायाने आपल्या संख्येचे अर्धच्छेद शहाण्णव.

आचार्य वीरसेन एवढ्यावर थांबले नाहीत. दोन राशींच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या राशींच्या अर्धच्छेदांची बेरीज, आणि भागाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांची वजाबाकी, असे नियम धवलेत वापरलेले आहेत. तीनाने भाग देत जाण्यास त्रिकच्छेद, चाराने देत जाण्यास चतुर्थच्छेद आणि अर्धच्छेदांचे पुन्हा अर्धच्छेद काढण्यास वर्गशलाका, अशी परिभाषाही तेथे आहे. युरोपात जॉन नेपियरने लॉगॅरिथमचे कोष्टक १६१४ मध्ये प्रसिद्ध केले. धवला टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली, असा निष्कर्ष डॉ. हीरालाल जैन यांनी तिच्या प्रशस्तीवरून काढला आहे. आपल्या आचार्यांनी नेपियरसारखी कोष्टके तयार केली, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. गुणाकाराचे रूपांतर बेरजेत होते, हे मर्म त्यांना उमगले होते आणि महान राशींची तुलना करण्यासाठी त्यांनी ते उपयोजिले, एवढेच म्हणणे योग्य. आणि तेवढेही थोडे नाही.

संख्येचे गुणधर्म

ज्या संख्येचा एकमेव मूळ अवयव दोन आहे, तिचे स्वरूप विलक्षण साधे असते. या संख्येस निःशेष भाग देणाऱ्या संख्या बरोबर सत्त्याण्णव : एक, दोन, चार, आठ अशा क्रमाने ती संख्या स्वतः येईपर्यंत. तीन, पाच, सात अशा कोणत्याही विषम संख्येने, एकाखेरीज, तिला भाग जात नाही. तिच्या स्वतःखेरीज उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज केली तर ती मूळ संख्येहून केवळ एकाने कमी भरते. शहाण्णवाला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा अशा अनेक संख्यांनी भाग जातो. त्यामुळे ही संख्या एकाच वेळी पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घन आहे आणि पूर्ण चतुर्थ घातही आहे. तिचे वर्गमूळ २८,१४,७४,९७,६७,१०,६५६, तर घनमूळ पूर्वी सांगितलेला बादाल.

तिच्या शेवटच्या अंकांकडे पाहिले तर दोनाचा प्रभाव प्रत्यक्ष दिसतो. शेवटचे दोन अंक ३६, यास चाराने भाग जातो. शेवटचे तीन ३३६, यास आठाने. शेवटचे पाच ५०,३३६, यास बत्तिसाने. शेवटचे सात ३९,५०,३३६, यास १२८ने. जितके अंक घ्यावेत, दोनाच्या तितक्याव्या घाताने त्यांस भाग जातो. ही साखळी डावीकडे शेवटच्या अंकापर्यंत अखंड आहे.

साक्ष अंकांबाहेर

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. नकलनवीस हा माणूस आहे. त्याच्या हातून चूक होते. व्यापारी पेढ्यांवर अशा चुका शोधण्याची एक जुनी कसोटी आहे, ती नवाची. सर्व अंकांची बेरीज करावी आणि नवाने भाग देऊन बाकी पाहावी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १२७, बाकी एक. एखादा अंक चुकून कमी-जास्त लिहिला गेला, तर ही कसोटी बहुधा ती चूक पकडते. परंतु शेजारचे दोन अंक आलटून-पालटून लिहिले गेले, ३९५च्या जागी ३५९ झाले, तर बेरीज तीच राहते आणि नवाची कसोटी गप्प बसते. तेरीज जुळत नसेल आणि फरकास नवाने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा, हे प्रत्येक अनुभवी हिशेबनीस जाणतो, ते याच कारणाने.

अर्धच्छेदाची कसोटी मात्र याहून फार कडक आहे. समजा, लेखकाने एकंस्थानी ६च्या जागी ५ लिहिले. संख्या विषम झाली आणि पहिलाच छेद अडला. समजा, सर्वांत डावीकडील ७च्या जागी ८ लिहिले. अशी संख्या अठ्ठावीस वेळा निःशेष अर्धी होते, पण एकोणतिसाव्या वेळी अडते. शहाण्णवापर्यंत पोहोचत नाही. अंकांची अदलाबदल झाली तरी तीच गत. याचे कारण सोपे आहे. ज्या संख्येस दोनाने शहाण्णव वेळा भाग जातो, अशी सर्वांत लहान संख्या ही स्वतःच. आणि तिच्यानंतरची तशी संख्या हिच्या दुप्पट, जिच्यात तीस अंक येतात. म्हणजे ‘एकोणतीस स्थाने’ आणि ‘शहाण्णव छेद’ ही दोन लक्षणे एकत्र धारण करणारी संख्या विश्वात एकच आहे. सूत्रकारांनी अंक न सांगता ही लक्षणे सांगितली. अंक पुसले गेले तरी लक्षणांवरून ते पुन्हा उभे करता येतात, आणि लिहिलेले अंक खरे की खोटे हे कोणालाही, कोणत्याही काळी पडताळून पाहता येते. ही साक्ष संख्येच्या स्वभावातच आहे; तिला दुसऱ्या पोथीचा आधार लागत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. शीर्षप्रहेलिका हे कालमान अनुयोगद्वारानुसार चौऱ्यांशी लक्षांचा अठ्ठाविसावा घात असून ती संख्या १९४ अंकांची होते. त्यांतील शेवटची १४० स्थाने शून्यांची आहेत. ज्योतिष्करंडकात मात्र हेच मान छत्तिसाव्या घाताइतके, म्हणजे २५० अंकांचे येते. टीकाकार मलयगिरींनी या भेदाचे कारण माथुरी आणि वालभी या वाचनांतील फरकात दाखविले आहे. दुष्काळाच्या आपत्तीत श्रुतपरंपरा खंडित झाली आणि पुढे दोन ठिकाणी संकलन झाले, तेव्हा हा फरक राहून गेला. पूर्वांग, पूर्व अशा पायऱ्यांच्या नावांची ती लांब यादी होती; यादीत पायऱ्या कमी-जास्त झाल्या, तर ते ओळखण्याचे साधन यादीत नव्हते. मनुष्यसंख्येच्या बाबतीत ते साधन सूत्रातच होते. मोठी संख्या टिकते ती केवळ स्मरणशक्तीने नव्हे, तर तिच्यासोबत दिलेल्या पडताळ्याने, हा या दोन उदाहरणांचा बोध आहे.

आचार्य नेमिचंद्रांची अक्षरसंख्या

दहाव्या शतकात आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी ‘गोम्मटसार’ रचला. गंग राज्याचे सेनापती व मंत्री चामुंडराय हे त्यांचे शिष्य. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची भव्य मूर्ती याच चामुंडरायांनी इ. स. ९८१च्या सुमारास उभारली, आणि त्या मूर्तीच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचा जो लेख आहे, तो मराठीच्या प्राचीन शिलालेखांत गणला जातो.

गोम्मटसाराच्या जीवकांडात नेमिचंद्रांनी ही संपूर्ण संख्या एका प्राकृत गाथेत अक्षरांच्या रूपाने गुंफली आहे. त्यासाठी त्यांनी कटपयादी पद्धती वापरली. क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ, प पासून म पर्यंत एक ते पाच, य पासून ह पर्यंत एक ते आठ, आणि न म्हणजे शून्य. स्वरांना मूल्य नाही. गाथेतील संख्यावाचक अक्षरे बरोबर एकोणतीस असून ती एकंस्थानापासून डावीकडे वाचावयाची आहेत. पहिले अक्षर त, म्हणून एकंस्थानी ६; त्यापुढे दोन वेळा ल, म्हणून ३ व ३; मग न, म्हणून शून्य; आणि असे करीत शेवटचे अक्षर स, म्हणून सर्वांत डावीकडे ७. कोणीही जिज्ञासूने कागद-पेन्सिल घेऊन ही सर्व अक्षरे अंकांत उतरवावीत आणि दुसऱ्या बाजूस बादाल व एकट्ठीचा गुणाकार करावा. दोन्ही उत्तरे अंकशः जुळतात. सूत्राने लक्षण दिले, गाथेने अंक कंठस्थ करून दिले. जमा आणि नावे या दोन्ही बाजू अशा जुळल्यावर वही बिनचूक आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आचार्य वीरसेनांची परखड दृष्टी

या संख्येविषयी शास्त्रकारांत मतभेद झालाच नाही, असे समजू नये. षट्खंडागमाच्या सूत्रात ही राशी कोटाकोटाकोटीच्या वर व कोटाकोटाकोटाकोटीच्या खाली, सहाव्या वर्गाच्या वर व सातव्याच्या खाली अशी सांगितली आहे. कोटीस कोटीने याप्रमाणे गुणून चार कोटींचा गुणाकार केला तर एकावर अठ्ठावीस शून्ये येतात. ती संख्याही एकोणतीस स्थानांचीच. परंतु आपली संख्या तिच्या जवळजवळ आठपट आहे. स्थाने सारखी, पण मर्यादा ओलांडलेली! ही विसंगती आचार्य वीरसेनांच्या ध्यानात आली होती. मनुष्यक्षेत्राच्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडून, एवढी अधिक संख्या त्यात सामावणार नाही, असे म्हणत त्यांनी ती स्वीकारणाऱ्या आचार्यांच्या मताचा प्रतिवाद केला, असे लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी नोंदविले आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वाद अंकांच्या शुद्धतेविषयी नव्हता. ते तर निर्विवाद होते. वाद होता तो सूत्राच्या अर्थाविषयी. परंपरेवर अढळ श्रद्धा असलेला एक महान आचार्य हिशेब हाती घेऊन परंपरेतील मताची तपासणी करतो, हे दृश्य आजच्या श्रावकासही मार्गदर्शक आहे. गणिताने श्रद्धेला बाध आला नाही; उलट शास्त्रार्थाला शिस्त आली.

मूडबिद्रीहून अमरावतीपर्यंत

हा सर्व ठेवा आपल्या हाती कसा आला, तो इतिहास महाराष्ट्राशी जवळून जोडलेला आहे. धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत शतकानुशतके सुरक्षित होत्या. त्यांचे दर्शन घडे, अध्ययन घडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यांच्या नकला करून घेण्याचा प्रयत्न आरंभिला. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री यांनी हे चिकाटीचे काम हाती घेतले आणि नकलांचे कार्य १९२२ पर्यंत चालले.

पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी संपादनाचे शिवधनुष्य उचलले. १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. जीवसंख्येचे विवेचन करणारा द्रव्यप्रमाणानुगमाचा खंड १९४१ मध्ये आला. १९४२ च्या चौथ्या खंडात डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख छापला गेला, आणि सोळावा व शेवटचा खंड १९५८ मध्ये पूर्ण झाला. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह ‘गणितसारसंग्रह’ प्रसिद्ध केला. व्यापाऱ्यांचे द्रव्य, शास्त्रींची लेखणी आणि प्राध्यापकांची बुद्धी असे तिघांचे साह्य एकत्र आले, तेव्हाच हे घडले.

समारोप

जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. ही संख्या बत्तीस आणि तेहतीस अर्धच्छेदांच्या दरम्यान येते. शास्त्रातील मनुष्यक्षेत्र अढीच द्वीपांचे आहे. त्यामुळे या दोन संख्यांची तुलना करण्याचे कारण नाही. तरीही अर्धच्छेदाची ही जुनी मोजपट्टी आजही किती सहज चालते, हे त्यावरून कळते. संगणकाच्या जाळ्यातील पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत बादालाइतके, तर सहाव्या आवृत्तीत सातव्या वर्गाइतके पत्ते संभवतात. यावरून प्राचीनांना संगणक माहीत होता, असा दावा करण्याचे काहीच कारण नाही. दोनाच्या पुनःपुन्हा केलेल्या वर्गांत एक सहज सुव्यवस्था आहे. ती ज्यांनी ज्यांनी शोधली, त्यांना ती गवसली, इतकेच.

गावोगावच्या ग्रंथभांडारांत आजही अनेक हस्तलिखिते वेष्टनांत बांधलेली आहेत. त्यांचे पूजन होते, हे उचितच. परंतु त्यांचे वाचन व्हावे, सूची व्हावी, छायाप्रती व्हाव्यात आणि गणित शिकलेल्या तरुण-तरुणींनी त्यांतील राशी पडताळून पाहाव्यात, ही आजची गरज आहे. सूत्रकारांनी संख्येसोबत तिची साक्षही ठेवली, ती पुढे कोणीतरी तपासून पाहील या विश्वासानेच. तो विश्वास सार्थ करणे, हेच ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयोपशमासाठी केलेले खरे श्रुतपूजन ठरेल.